सोलापुरात वीज कंपनी बदलता येत नाही, टप्पा मात्र बदलता येतो

मुंबईहून सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' या भागात भाड्याच्या घरात राहायला आलो, त्या वर्षीच्या मे महिन्याचं लाईट बिल तीन हजारांच्या घरात आलं. दोन खोल्या, एक कूलर, एक फ्रीज. मी बिल घेऊन शेजारच्या अक्कांकडे गेले आणि विचारलं, "इथे दुसरी कंपनी कुठली आहे हो?" अक्का शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसरी कुठली ओ? बोर्ड एकच हाय की."

माझा प्रश्न अगदीच खुळा नव्हता. मुंबईच्या उपनगरात २००९ पासून घरगुती ग्राहकालाही एक कंपनी सोडून दुसरीकडे जाता येतं. आमच्या माहेरच्या इमारतीत दोन मजल्यांवर दोन कंपन्यांची बिलं येत. ती सवय घेऊन मी इथे आले होते. सोलापुरात ती उपयोगी पडली नाही, पण तिच्या नादात बिलाची एकेक ओळ वाचायला शिकले. आज तेच घर आणि तोच कूलर असूनही मे महिन्याचं बिल दोन हजारांच्या आत राहतं. नव्याने सोलापुरात आलेल्यांसाठी तो सगळा मार्ग इथे लिहिते आहे.

१. कंपनी बदलायचा विचार आधी सोडा

सोलापूर शहर आणि जिल्ह्यात घरगुती वीज महावितरणच देते. जुनं वीज मंडळ २००५ साली तीन कंपन्यांत विभागलं गेलं, त्यातली ही वितरणाची कंपनी. लोक मात्र अजून 'बोर्ड'च म्हणतात. दर कंपनी स्वतः ठरवत नाही, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे सोलापूर, सांगली आणि साताऱ्यात घरगुती दर सारखाच.

"ओपन ॲक्सेसने स्वस्त वीज मिळवून देतो" असं कोणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा. बाहेरून वीज विकत घेण्याची ती सोय कारखान्यांसाठी आहे. हरित ऊर्जेसाठी २०२२ मध्ये मर्यादा खाली आणली, तीसुद्धा १०० किलोवॉटपर्यंत. आपल्या घराचा भार दोन-तीन किलोवॉटचा.

आणखी एक समज इथे सारखा ऐकू येतो: "एवढं मोठं एनटीपीसी आपल्या दारात, मग आपल्याला वीज स्वस्त का नाही?" दक्षिण सोलापुरातल्या त्या प्रकल्पाची क्षमता १,३२० मेगावॉट आहे हे खरं. पण तिथली वीज राष्ट्रीय जाळ्यात जाते. त्या जाळ्यातही सोलापूरचं नाव मोठं आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं. अभिमान जरूर बाळगा, बिलात त्याची सूट शोधू नका.

आपल्या हातात उरतो तो टप्पा, म्हणजे स्लॅब: वापर वाढत गेला की वरच्या युनिटचा दर चढत जातो.

२. घर ठरवण्याआधी ग्राहक क्रमांक मागा

भाड्याने घ्या की विकत, अनामत देण्याआधी त्या घराचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट (बिलावर छापलेला कार्यालयाचा क्रमांक) मागून घ्या. महावितरणच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर तो टाकला की थकबाकी दिसते. "मागच्या भाडेकरूने भरलं असेल" या वाक्यावर विसंबू नका. मी विसंबले होते. पहिल्याच बिलात आधीच्या माणसाचे सातशे रुपये निघाले आणि ते मलाच भरावे लागले, कारण कनेक्शन जागेचं असतं आणि थकबाकी जागेला चिकटते.

ताबा घ्याल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याखाली "आजचं रीडिंग" एवढं लिहिलं की पुरे. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

३. बिल वाचायचा क्रम

बहुतेक जण थेट रक्कम बघतात. ती सगळ्यात शेवटी बघायची.

आधी मीटर क्रमांक. बिलावरचा आणि मीटरवर छापलेला क्रमांक एकच आहे का, हे स्वतः जाऊन बघा. जिन्याखाली सहा-आठ मीटर ओळीने असतात आणि त्यांच्यावर खडूने लिहिलेली नावं दोन भाडेकरू मागची असतात.

मग दर संकेत. घरगुतीला 'एलटी-१ रेस' असा उल्लेख असतो. तिथे 'कमर्शियल' दिसलं तर थांबा. आधी त्या जागेत दुकान किंवा क्लास चालला असेल आणि कोणी बदल करून घेतला नसेल. अशा घरात तुम्ही नुसता पंखा लावला तरी दुकानाचा दर लागतो.

त्यानंतर चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि शेजारी मीटरची स्थिती. हा भाग नीट बघा. रीडिंग घ्यायला माणूस आला आणि गेटला कुलूप असेल तर त्या महिन्याचं बिल सरासरीने निघतं. आमच्याकडे दोन महिने असं झालं, चूक आमचीच, दोघंही दिवसभर बाहेर. तिसऱ्या महिन्यात खरं रीडिंग आलं आणि सगळा हिशेब एकदम अंगावर आला. असं झालं तर एक गोष्ट तपासा: तीन महिन्यांचा वापर एकत्र आला असेल तर टप्पेही तिप्पट धरलेले हवेत. म्हणजे स्वस्त टप्पा १०० नव्हे, ३०० युनिटपर्यंत, आणि सरासरीने आधी भरलेली रक्कम वजा. ते दिसत नसेल तर दुरुस्ती मागा. कुलपाचा प्रश्न असलेल्यांना ॲपवरून मीटरचा फोटो आणि रीडिंग स्वतः पाठवता येतं.

आता रकमेच्या ओळी.

- स्थिर आकार: एकही युनिट वापरलं नाही तरी भरायचा. गावाला महिनाभर गेलात तरी चुकत नाही.
- वीज आकार: खरा खेळ इथे, टप्प्यांनुसार.
- वहन आकार: वीज तारांतून आणून देण्याचे पैसे. प्रत्येक युनिटला सारखा दर.
- इंधन समायोजन आकार: वीज खरेदीचा आणि कोळशाचा खर्च बदलला की हा वरखाली होतो. वापर तेवढाच असून बिल बदललं तर आधी इथे बघा.
- वीज शुल्क: राज्य सरकारचं, घरगुतीला १६ टक्के. वरच्या सगळ्या बेरजेवर लागतं.

त्याखाली थकबाकी, व्याज आणि समायोजन. अनामत रकमेवरचं व्याज वर्षातून एकदा बिलात वजा होऊन येतं, तेही तपासा.

साधारण एप्रिलच्या सुमारास एक वेगळं बिल येतं: अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. पुष्कळ जण घाबरतात, काही जण फसवणूक समजून फाडून टाकतात. मागच्या वर्षीच्या वापरावरून सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव असावी लागते. वापर वाढला की फरक मागतात. ही ठेव कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याची असते. भाडेकरूने ती भरली तर परत मिळताना घरमालकाला मिळते. म्हणून ती घरमालकानेच भरावी, नाहीतर भाड्यातून वळती करून घ्या आणि तसं लिहून ठेवा.

४. टप्प्याचं गणित

हा सगळ्यात कामाचा भाग. दर बदलत राहतात, चालू दरपत्रक महावितरणच्या संकेतस्थळावर मिळेल. हिशेब समजण्यासाठी मी २०२४-२५ चे दर घेते, कारण माझी वही त्यांच्यावरच भरलेली आहे.

त्या वर्षी सिंगल फेजचा स्थिर आकार १२८ रुपये होता. पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९, ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५ आणि ५०० च्या वर १६.६४. शिवाय प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार.

समजा १८० युनिट वापरले. पहिले १०० म्हणजे ४७१ रुपये. पुढचे ८० म्हणजे ८२३.२०. वहन आकार २१०.६०. स्थिर आकार १२८. बेरीज १,६३२.८०, त्यावर १६ टक्के शुल्क २६१.२५. एकूण १,८९४ रुपये आणि इंधन समायोजन असेल ते वेगळं.

इथे एक गैरसमज. "१०० च्या वर गेलं की सगळेच युनिट महाग होतात" असं लोक सांगतात. तसं नाही. पहिले शंभर स्वस्तच राहतात, वरचेच महाग होतात. पण ते वरचे किती महाग, ते बघा. वहन आकार आणि शुल्क धरून पहिल्या टप्प्यातलं एक युनिट ६.८२ रुपयांना पडतं. १०१ वं युनिट १३.२९ रुपयांना. जवळपास दुप्पट. ३०१ वं १८.२४ रुपयांना.

याचा अर्थ असा, की बचतीचं प्रत्येक युनिट वरून कापलं जातं. तुमचा वापर १८० असेल आणि तुम्ही २० वाचवले तर वाचतात ते १३.२९ वाले वीस. मुंबईत कंपनी बदलून युनिटमागे कुठे रुपया, कुठे दोन रुपये सुटायचे. इथे टप्पा बदलला की साडेसहा सुटतात. हे कळलं त्या दिवसापासून मी कंपनीचा नाद सोडला.

५. रात्री टॉर्च घेऊन मीटरपाशी जा

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या जवळ बारीक अक्षरात छापलेलं असतं, किती लुकलुकीला एक युनिट. माझ्या मीटरवर ३२०० होतं. तुमच्यावर वेगळा आकडा असू शकतो.

घरातलं मेन स्विच बंद करा आणि दिव्याकडे बघत उभे राहा. काहीच वापर नसेल तर तो थांबायला हवा.

माझा थांबला नाही. पहाटे साडेपाचची वेळ, जिन्यात अंधार, घरात सगळं बंद, आणि दिवा आपला टिक टिक चालू. मी मोबाईलवर एक मिनिट लावलं आणि मोजले. बरोबर चाळीस. मिनिटाला चाळीस म्हणजे तासाला २,४००, म्हणजे पाऊण युनिट. पाऊण किलोवॉटचं घरात असतं काय? एक अश्वशक्तीची मोटार. तेवढ्यात वरच्या टाकीत पाणी पडण्याचा आवाज कानावर आला आणि डोक्यात उजेड पडला. हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी घराची सामाईक मोटार माझ्या मीटरला जोडलेली होती. मेन स्विचच्या आधीच तार काढलेली, त्यामुळे घरातून काही कळायचा मार्गच नव्हता.

रोज एक तास मोटार म्हणजे महिन्याला साडेबावीस युनिट. सगळे वरच्या टप्प्यातले, म्हणजे तीनशे रुपये. घरमालक काकांना खाली बोलावून दिवा दाखवला. काका बराच वेळ दिव्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "जुन्या वायरमननं केलं असंल, मला तरी कुठं म्हाईत." खरं-खोटं देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी तार त्यांच्या मीटरवर गेली आणि आधीच्या महिन्यांचे पैसे भाड्यातून वळते झाले. भांडण न करता दिवा दाखवायचा, हा माझा सल्ला. तारेला स्वतः हात लावू नका आणि मीटरचं सील तर अजिबात नाही. सील तुटलेलं आढळलं तर चोरीचा संशय तुमच्यावर येतो.

दिवा थांबला, मोटारही तुमची नाही, तरी युनिट अवाच्या सवा वाटतात? मग मीटर तपासणीसाठी अर्ज करा. फी भरावी लागते. पण आधी आठवडाभर रोज एकाच वेळी रीडिंग वहीत लिहा. ती वही सोबत असली की कार्यालयातलं बोलणं लवकर संपतं.

६. सोलापूरच्या उन्हात युनिट कुठे जातात

इथे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. "पंखे बंद ठेवा" असले सल्ले मी देणार नाही.

साधा छताचा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याला वीस युनिट वाचतात. वरच्या टप्प्यातले धरले तर अडीचशेच्या वर रुपये. नव्या पंख्याचे पैसे वर्ष-सव्वा वर्षात निघतात. घर भाड्याचं असेल तर जुना पंखा माळ्यावर ठेवा आणि जाताना आपला काढून न्या. मी हेच केलं. सगळे पंखे बदलू नका, जिथे झोपता आणि जिथे बसता तेवढेच.

२०० वॉटचा कूलर रात्रभर दहा तास चालला तर दोन युनिट. महिन्याला साठ. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो, आठ तासांत आठ ते बारा. म्हणजे एकटा एसी तुम्हाला तिसऱ्या टप्प्यात ढकलतो. सोलापूरची हवा कोरडी, इथे कूलर जसा गार करतो तसा मुंबईत कधीच करत नाही. कोकण-मुंबईहून आलेल्यांनी एसी घेण्याआधी एक उन्हाळा कूलरवर काढून बघावा.

आणि पाण्याची मोटार. नळाला पाणी रोज नाही, काही दिवसांआड येतं, कधी रात्री. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि मोटार नुसती घरघरत राहते. पाणी कमी, युनिट चालूच. अर्धा तास थांबून मोटार लावली तर तीच टाकी लवकर भरते, फक्त तोवर पाणी जाणार नाही याची खात्री असायला हवी. ती खात्री इथे कोणालाच नसते.

तुमच्याकडे स्मार्ट टीओडी मीटर (कुठल्या वेळी किती वापर, ते नोंदवणारं) बसलं असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे सवलत सुरू झाली, सुरुवात ८० पैशांपासून. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर या वेळेत हलवा. मोटारही हलवली असती, पण नळ आपल्याला विचारून येत नाही.

७. घरमालकाचा सबमीटर आणि स्वतंत्र जोडणी

एका मीटरवर तीन बिऱ्हाडं आणि प्रत्येकाला सबमीटर, ही पद्धत इथे गल्लोगल्ली आहे. तिचा तोटा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाचे १०० युनिट धरा. वेगळी तीन मीटर असती तर प्रत्येकी ८३१ रुपये, तिघांचे मिळून सुमारे २,४९३. एकाच मीटरवर ३०० युनिट झाले की तेच बिल ३,४८९. महिन्याला हजार रुपये नुसते टप्प्यामुळे गेले, आणि तीनदा स्थिर आकार धरूनही हा फरक आहे. घरमालक लबाड असायची गरजच नाही.

हे गणित कागदावर मांडून घरमालकापुढे ठेवा. वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कोणीही जोडणी मागू शकतो. मात्र घर खरंच वेगळं हवं: स्वतंत्र दार, स्वतंत्र चूल. एकाच कुटुंबाने टप्पा चुकवायला दोन मीटर घेतले आणि ते आढळलं तर एकत्र केले जातात.

लागणारी कागदपत्रं:

- आधार किंवा पॅन, आणि मोबाईल नंबर
- जागेचा पुरावा: महापालिकेची मालमत्ता कराची पावती, खरेदीखत किंवा उतारा
- भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि घरमालकाचं ना हरकत पत्र
- परवानाधारक विद्युत ठेकेदाराने दिलेला वायरिंगचा चाचणी अहवाल

अर्ज ऑनलाइन करा आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा. "मी लवकर करून देतो" म्हणणारा कोणी ना कोणी कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीवर भेटतोच. त्याला पैसे देऊ नका, कोटेशनची रक्कम ऑनलाइनच भरा.

८. घरात धंदा असेल तर

सोलापुरात घरातून काही ना काही चालतंच. कडक भाकरी, शेंगा चटणी, शिवणकाम, शिकवणी. राहत्या घराच्या एका भागात असं काम असेल तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दरच लागतो, अशी तरतूद आयोगाच्या दर आदेशात आहे. ती माहीत नसल्यामुळे घाबरून कमर्शियल मीटर घेतलेल्या दोन बायका माझ्या ओळखीच्या आहेत.

यंत्रमाग मात्र वेगळा विषय. त्याची दरश्रेणीच वेगळी. शहराच्या पूर्व भागात घर घेताना मागच्या खोलीतला माग कुठल्या मीटरवर चालतो ते विचारा. घरगुती मीटरवर माग चालताना सापडला तर कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

९. छतावर सोलर: कोणाला परवडतं

घर स्वतःचं असेल आणि गच्ची मोकळी असेल, तर वीज कंपनी बदलण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.

क्रम असा: योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, यादीतला विक्रेता निवडणं, पॅनेल बसवणं, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं) आणि तपासणी, मग बँक खात्याचा तपशील भरणं. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. "अनुदान वजा करून उरलेले द्या" म्हणणाऱ्याशी लेखी बोला. कनेक्शन अर्जदाराच्याच नावावर हवं. आजोबांच्या नावाचं मीटर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर सगळं तिथेच अडतं.

किती किलोवॉटचं सोलर घ्यायचं ते ठरवताना बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे स्तंभ छापलेले असतात, ते बघा. वापर ९० युनिटच्या आत असेल तर माझ्या मते घाई नको, तुम्ही स्वस्त टप्प्यातच आहात. २००-२५० असेल तर २ किलोवॉट पुरतं. माझ्या दीराला एका विक्रेत्याने ५ किलोवॉट गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, घरात वापर जेमतेम २२०.

दोन गोष्टी विक्रेते सांगत नाहीत. नेट मीटरवाली साधी यंत्रणा लाईट गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. आणि इथली धूळ. पॅनेल धुवावे लागतात, पण बोअरच्या क्षाराच्या पाण्याने धुतले तर पांढरे डाग बसतात. दीर नळाच्या पाण्याची एक बादली त्यासाठी बाजूला ठेवतो आणि त्यावरून घरात दर वेळी वाद होतो.

१०. भरणा, भामटे आणि तक्रार

बिल निघाल्यावर सुरुवातीच्या मुदतीत भरलं तर तत्पर भरणा सूट साधारण १ टक्का, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का आणखी. कागदी बिल नको म्हटलं तर गो-ग्रीनमध्ये आणखी थोडी सूट. उशीर झाला तर सव्वा टक्का विलंब आकार. रकमा बारीक आहेत, पण बसल्या जागी मिळतात.

"आज रात्री साडेनऊला तुमची लाईट तोडणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज वैयक्तिक मोबाईलवरून आला तर तो भामटा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कायद्याने १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. कोणी पाठवलेलं ॲप डाउनलोड करू नका, ओटीपी सांगू नका. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त मास्तरांचे अठरा हजार असेच गेले, आणि त्यांचं बिल भरलेलं होतं.

तक्रार आधी १९१२ वर किंवा ॲपवर नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. मग तुमच्या भागातल्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तिथे काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. सोलापूर मंडल बारामती परिमंडलात येतं, त्यामुळे अर्ज त्या परिमंडलाच्या मंचाकडे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. वही, फोटो, पोच आणि मागची बारा बिलं एका पिशवीत घालून ठेवा.

ही पिशवी माझ्याकडे फ्रीजवर असते. अक्कांनी परवा त्यांचं बिल आणून दिलं, म्हणाल्या, "बग की ओ, ह्यात काय लिवलंय." त्यांच्या बिलावर दर संकेत कमर्शियल होता. घरात दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली आहेत. सोमवारी आम्ही दोघी अर्ज घेऊन जाणार आहोत.